वटपौर्णिमेचा दुधी

मी रागीट आहे हे मला कोणी सांगायला नको. आमच्या बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा मला बघून मोबाइल खिशात घालतो. पण आज मी बोलतेय ती रागाने नाही. मला आभार मानायचेत, आणि तेच मला नीट जमत नाही. शिव्या पटकन सुचतात, आभार म्हटलं की जीभ अडखळते. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे कोणाचं राहून जायला नको.

आमचे हे, म्हणजे तानाजीराव, वागळे इस्टेटच्या एका कंपनीत छत्तीस वर्षं लेथवर होते. दिवसभर मशीनपुढे उभा राहणारा माणूस. रिटायर झाले आणि डोंबिवलीच्या घरात जे सोफ्यावर बसले ते बसलेच. दोन वर्षांत पोट सुटलं. गेल्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं आणि साखर काठावर. डॉक्टरांनी एक गोळी दिली, रोज चाला म्हणाले, तळलेलं कमी करा म्हणाले. बस, एवढंच. रस पाजा असं डॉक्टर कधीच म्हणाले नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. ते डोकं माझं.

म्हणजे अर्धं माझं, अर्धं मोबाइलचं. आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी व्हिडिओ टाकतंच. बीट प्या, रक्त वाढेल. कोहळा प्या, पित्त जाईल. दुधी प्या, हृदयाच्या नळ्या साफ होतील. नळ्या साफ म्हटल्यावर मला आमची तुंबलेली मोरी आठवली आणि एकदम पटलं. त्यात आमच्या विनीतने पुण्याहून ज्यूसर पाठवून दिला. पोराला वाटलं, बाबांना ताजा रस मिळेल. मग काय विचारता! पहिल्याच दिवशी मी झाकण नीट लावलं नाही आणि गाजर भिंतीभर उडालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन मशीन उघडलं, आतलं कुठलंतरी रबर नीट बसवलं, आणि तेव्हापासून मशीन असं गुपचूप चालतं की शेजारच्या धम्मपालला पत्ताही लागत नाही.

रोज सकाळी पावणेसातला, अंघोळ झाली की अनशापोटी एक ग्लास. चोथा टाकायला माझा जीव होत नाही, म्हणून बिटाचा चोथा थालिपिठात, गाजराचा पराठ्यात, कोहळ्याचा धिरड्यात. एकदा हे म्हणाले, "मालन, मी नवरा आहे का म्हैस?" मी म्हटलं, "म्हैस निदान दूध देते." हसले आणि प्यायले. आमच्यात बोलायचं काम माझ्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. आणि खरं सांगायचं तर गोळीने म्हणा, चालण्याने म्हणा, मार्चमध्ये रिपोर्ट सुधारला. मी सगळं श्रेय रसाला देऊन मोकळी झाले. गोळीचं नावसुद्धा घेतलं नाही.

आता सिल्वेस्टर. सिल्वेस्टर आणि हे एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मशीनवर सत्तावीस वर्षं. मूळचा ठाण्याचाच माणूस, ख्रिश्चन, बापजाद्यांपासून शेतीवाडी. आता त्याच्या घराला चारी बाजूंनी टॉवर आलेत, पण मागे वाडीचा एक तुकडा राहिलाय. त्यात भेंडी, अळू आणि मांडवावर दुधी. इतकी वर्षं ह्यांच्या डब्यातली माझी भाकरी सिल्वेस्टरने खाल्ली आणि त्याच्या बायकोच्या, व्हिक्टोरियाच्या हातचं बोंबलाचं कालवण ह्यांनी. श्रावण असला तरी, असं मला फार उशिरा कळलं. अजूनही महिन्यातून एकदा तो स्कूटरवर बसून माणकोलीच्या पुलावरून आमच्याकडे येतो, पिशवीभर भाजी घेऊन. मी ओरडते, "भावजी, एवढं कशाला?" तो म्हणतो, "वैनी, घरची हाय. औषद मारलेलं नाय."

वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी तो आला तेव्हा पिशवीत दुधी होता. एकच, पण काय दुधी! हातभर लांब, अंगावर लव, देठ हिरवागार. नख लावलं तर टचकन पाणी आलं. "ह्या वेलाचा पयलाच दुदी, वैनी. तान्याला द्यायचा म्हणून ठेवलेला," म्हणाला. मी तिथेच ठरवून टाकलं की हा भाजीत घालायचा नाही, ह्याचा रस.

आमच्याकडे एक रीत आहे. काकडी असो, दुधी असो, दोडका असो, चिरायच्या आधी देठाकडची चकती कापून जिभेला लावून बघायची. कडू लागली तर अख्खी फेकायची, दुसरं टोक गोड असेल असा लोभ करायचा नाही. माझ्या आईने मला हे फ्रॉकमध्ये असताना शिकवलं. चाखल्याशिवाय दुधी चिरलाय असं माझ्या हातून कधी झालेलं नाही.

पण वटपौर्णिमेला वडाची पूजा होईपर्यंत मी पाण्याचा थेंबही घेत नाही. बाकीच्या बायका सकाळचा चहा घेतात, घेऊ देत बापड्या. मी नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एकदाही चुकवलं नाही. आणि ती फांदी आणून कुंडीत खोचायची आणि तिलाच दोरा गुंडाळायचा, असली पूजा तर मला चालतच नाही. गल्लीच्या टोकाला खरा वड आहे, तिथेच जायचं. तर त्या दिवशी साडेसहाला मी दुधी धुतला, देठ कापला, चकती उचलून तोंडाजवळ नेली आणि थांबले. उपास मोडेल ना! हे बाथरूममध्ये होते, नाहीतर त्यांच्या तोंडात घातली असती. पाच मिनिटं थांबायला मला काय धाड भरली होती? पण पूजेचं ताट लावायचं होतं, आंबे धुवायचे होते, नऊवारी नेसायची होती. सिल्वेस्टरच्या घरचा दुधी, तो काय कडू निघणार, असं म्हणून मी चकती मशीनमध्येच टाकली आणि बटण दाबलं.

हे आले, ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि थांबले.

"कडू आहे गं."

"आलं घातलंय," मी आतून म्हटलं. मी निऱ्या घालत होते.

"आल्याचं नाही. कडू. कारल्याच्या वर." ते ग्लास घेऊन खोलीच्या दारात आले.

"मग गुण येईल. औषध काय बासुंदीसारखं लागतं? नाटकं करू नका हो सकाळी सकाळी, मला उशीर होतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन-तीन सेकंद बघितलं. मग नाक दाबून सगळा ग्लास प्यायले, स्वयंपाकघरात जाऊन धुतला आणि पालथा घातला. मला बरं वाटलं, म्हटलं, ऐकलं बाई एकदाचं.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. मी आरशासमोर नथ घालत होते आणि बाथरूममधून उलटीचा आवाज आला. मग दुसरी, तिसरी, पाचवी. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, पित्त असेल, पडू दे बाहेर. मग जुलाब सुरू झाले. मग पोट धरून ते बाथरूमच्या दारातच बसले. अंग गार, बनियन घामाने चिंब, ओठ पांढरेफटक. "मालन, छातीत जळतंय," एवढं बोलले आणि भिंतीला टेकून मान टाकली. मी "धम्मपाल!" अशी हाक मारली की चार मजले गोळा झाले. धम्मपाल अंगाने दणकट. त्याने ह्यांना सरळ खांद्यावर घेतलं, लिफ्टने खाली, गाडीत. मी तशीच, नऊवारी, नथ आणि पायात घरातल्या स्लिपर. मोबाइल ओट्यावरच राहिला.

जवळच्या हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीत एक डॉक्टर मुलगी होती, आमच्या विनीतपेक्षाही लहान, पण हात भराभर चालत होते. बीपी बघितलं, सलाइन लावलं, छातीला वायरी लावल्या. मग मला विचारलं, "काकी, सकाळपासून काकांनी काय खाल्लंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "अनशापोटीच आहेत."

देवाशपथ, खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. रस म्हणजे खाणं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. रस म्हणजे औषध, रोजचं. तिने आदल्या रात्रीचं विचारलं. मुगाची खिचडी, तीच मीही खाल्लेली. बाहेरचं काही? नाही. मग ती ह्यांच्या कानाजवळ वाकली, "काका, काही वेगळं घेतलंत का?" ह्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

ती फोनवर मोठ्या डॉक्टरांशी बोलली. वय एकसष्ट, कोलेस्टेरॉल आहे, बीपी पडलंय, घाम, छातीत जळजळ, ईसीजीत थोडा बदल. मग माझ्याकडे आली. "काकी, हार्ट अटॅक असू शकतो. हार्टचे डॉक्टर कल्याणहून निघालेत, पत्रीपुलावर अडकलेत. ते आले की लगेच रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू करू. तुमची सही लागेल."

मी बाकड्यावर बसले, आणि तेव्हा मला तो ग्लास आठवला. कारल्याच्या वर, असं म्हणाले होते. आई सांगायची, कडू दुधी गुरांपुढेसुद्धा टाकायचा नाही. उठायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं मला. काउंटर चार पावलांवर. पण तोपर्यंत धम्मपालची बायको आलेली, बिल्डिंगमधल्या आणखी दोघी आलेल्या, पूजेच्या साड्या नेसून, गजरे माळून. माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "काकू, तुमचं एवढं कडक व्रत आहे, काकांना काही होणार नाही." त्यांच्यासमोर काय सांगू? की ह्यांच्या आयुष्यासाठी उपास धरला आणि त्याच उपासापायी मीच ह्यांना विष पाजलं?

मी स्वतःची समजूत घातली. दुधीने काय होतंय! डॉक्टर एवढे शिकलेले, त्यांना कळत नसेल का? अख्खी बिल्डिंग म्हणते की मालनकाकू कोणाच्या बापाला घाबरत नाही. त्या बाकड्यावर मालनकाकूची दातखीळ बसलेली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. फॉर्म आला, मी सही केली, तरी तोंड उघडलं नाही. हे सांगताना अजून मान खाली जाते. पण एवढं लपवून आभार मानले तर ते आभार कसले?

तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. बघते तर सिल्वेस्टर. हेल्मेट डोक्यावरच, चपलांना वाडीतली माती, शर्टाची बटणं वरखाली. त्रेसष्ट वर्षांचा माणूस धापा टाकत कॅज्युअल्टीच्या दारात उभा राहिला आणि ओरडला, "डॉक्टर! दुदी खाल्ला असंल त्यानं! माझ्या येलावरचा दुदी! कडू हाय तो, जहर हाय!"

झालं होतं असं. त्याच वेलाचा दुसरा दुधी व्हिक्टोरियाने सकाळी सुकट घालून करायला घेतला. चकती जिभेला लावली आणि तशीच थुंकली. चूळ भरभरून दमली तरी जिभेची आग जाईना. सिल्वेस्टरने त्याच क्षणी मला फोन लावला. मोबाइल आमच्या ओट्यावर वाजत राहिला. नऊ वेळा लावला त्याने. ह्यांचा फोन तर चार्जिंग संपून बंद. मग तो थांबला नाही, स्कूटर काढली. आमच्या घराला कुलूप, खाली वॉचमनने हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तिथून थेट इथे.

डॉक्टर मुलगी गोंधळली. "पण काकी तर म्हणतात, काहीच खाल्लं नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सिल्वेस्टरही बघत होता, डोळे भरलेले. एवढ्या लोकांसमोर त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की विष माझ्या घरचं आहे. त्याला गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं? ठाण्याला घरी बसून राहिला असता, चार दिवसांनी भेटायला आला असता. त्याला जे पंधरा-वीस किलोमीटर येऊन सांगता आलं, ते मला चार पावलांवर सांगता येत नव्हतं.

मी उभी राहिले. "रस घेतलाय," म्हटलं. "दुधीचा. मोठा ग्लासभर, पावणेसातला. कडू आहे म्हणून दोनदा म्हणाले होते. मीच म्हटलं, प्या. न चाखता मीच दिला. ह्यांचा काही दोष नाही, माझा आहे."

आवाज माझा नेहमीचाच, खणखणीत. सगळ्यांनी ऐकलं. ती मुलगी आत पळाली. "ते इंजेक्शन थांबवा!" एवढं मला ऐकू आलं. पाचच मिनिटांत ते हार्टचे मोठे डॉक्टर आले, त्यांचं आत काय ते बोलणं झालं, आणि अर्ध्या तासात ह्यांना रक्ताची उलटी झाली. पोट आतून सोलून निघालेलं. मोठे डॉक्टर नंतर बाहेर येऊन म्हणाले, "ताई, कडू दुधीवर उतारा नसतो. सलाइन, पोटाची इंजेक्शनं आणि वाट बघायची. पण असा रक्तस्राव होणाऱ्या माणसाला आपण रक्त पातळ करायचं औषध देऊन बसलो असतो, तर मग आमच्या हातात काही राहिलं नसतं." पत्रीपुलाच्या ट्रॅफिकला मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले.

ह्यांना आयसीयूत नेलं. अजून काही सांगता येत नाही, म्हणाले. बाहेर मी आणि सिल्वेस्टर. तो मान खाली घालून एकच पुटपुटत होता, "वैनी, मीच मारला तान्याला. मीच मारला."

मला राग आला. "गप बसा!" मी ओरडले. "मेलेला नाहीये तो माणूस आत! आणि तुम्ही आला नसतात तर मेला असता, आणि मी बाकड्यावर बसून बघत राहिले असते. ऐकताय का? मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. तुम्ही बोललात. माझं कुंकू तुम्ही राखलंत, भावजी. मी जन्मभर विसरणार नाही." हे सगळं मी भांडणाच्या आवाजात बोलले, दुसरा आवाज मला येत नाही. सिस्टर धावत आली, तिला वाटलं पेशंटचे नातेवाईक मारामारी करतायत. आणि मग माझा बांध फुटला. सिल्वेस्टरने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून माझ्यापुढे धरली. दुपारचा एक वाजलेला. वड तिकडे राहिला, पूजा राहिली. मी घटाघटा अर्धी बाटली प्यायले. कोणी काही म्हटलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं.

दोन दिवस गेले ते कसे गेले माझं मला माहीत. विनीत संध्याकाळपर्यंत पुण्याहून आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आई, मशीन मी पाठवलं, चूक माझी." म्हणजे बघा, त्या हॉस्पिटलात जो तो दोष आपल्याकडे ओढून घ्यायला बसलेला! धम्मपालने ऑफिसला दांडी मारून दोन दिवस गाडी आमच्या दिमतीला ठेवली. त्याच्या बायकोने माझी नथ काढून आपल्या पर्समध्ये जपून ठेवली आणि मला तिचा ड्रेस दिला, तो मला कमरेत होईना, पण दिला. मी त्या बायकांना काय समजत होते! मला वाटत होतं, ह्या मला नावं ठेवतील. त्यातल्या एकीनेही पुढे कधी तो विषय काढला नाही. उलट धम्मपालची बायको म्हणाली, "काकू, माझ्या घरीपण आम्ही दुधीचा रस कडू असला तरी दामटून पितो. आमचा जीव तुमच्यामुळे वाचला म्हणा."

तिसऱ्या दिवशी ह्यांना वॉर्डात आणलं. गालफडं बसलेली, दाढीचे खुंट वाढलेले, पण डोळे ह्यांचेच. सिल्वेस्टरला मी दटावून घरी पाठवलेलं, विनीत औषधं आणायला खाली गेलेला. आम्ही दोघंच होतो. म्हटलं, आता सांगून टाकावं, उगाच आत ठेवायला नको.

"अहो, डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी रसाचं बोलले नाही. आधी सुचलं नाही. मग सुचलं, तरी बोलले नाही. लोकांची लाज वाटली मला. सिल्वेस्टर आला नसता तर मी..."

"माहितीये." आवाज पार खोल गेलेला त्यांचा. "मलाही विचारलेलं. मीपण नाही म्हटलं."

"तुम्ही का?"

"तुला बोलले असते सगळे."

मी कपाळाला हात लावला. "अहो, जीव जात होता तुमचा! आणि मला एक सांगा, एवढं कडू लागत होतं तर प्यायलात कशाला? ओतायचा बेसिनमध्ये. मी काय बंदूक घेऊन उभी होते? मी निऱ्या घालत होते, मला कळलंही नसतं."

ते म्हणाले, "तुझे ओठ सुकलेले. आदल्या रात्रीपासून पाणी नव्हतीस प्यायली. एवढ्या उकाड्यात. माझ्यासाठी. म्हटलं, ही एवढं करते, आपल्याला एक ग्लास जात नाही?"

चौतीस वर्षं मी समजत होते की हा माणूस माझ्या तोंडाला घाबरून ऐकतो. चार लोकांत फुशारकीने सांगितलंयसुद्धा, आमचे हे माझ्या शब्दाबाहेर नाहीत. बिटाचा चोथा खाल्ला, कोहळा प्यायला, पानात पडेल ते संपवलं, आणि मला वाटायचं, हा माझा धाक. सलाइन नसलेला त्यांचा हात मी दोन्ही हातांत धरला. तोंडून मात्र जे नेहमी येतं तेच आलं.

"असला शहाणपणा पुन्हा केलात तर याद राखा! आजपासून मला नाही म्हणायला शिकायचं. तोंडावर. ऐकताय ना? म्हणा, मालन, मला नको."

"आता?"

"आत्ता."

ते नुसते हसले. हसताना पोट दुखलं त्यांचं, म्हणून मग मीच विषय सोडला. व्हिक्टोरियाने डब्यातून तांदळाची पेज पाठवलेली, डॉक्टरांनी दोन-चार चमचे द्यायला परवानगी दिलेली. मी वाटीत काढली, फुंकर मारली आणि एक चमचा भरवला. घेतला. दुसरा घेतला. तिसरा मी पुढे केला आणि ह्यांनी ओठ मिटले, मान बाजूला केली आणि म्हणाले, "बस. मला नको, मालन."

माझं तोंड सवयीने उघडलं, अजून दोन घ्या म्हणायला. मी ते मिटलं. वाटी खाली ठेवली आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. आयसीयूबाहेर दोन दिवसांत रडले नव्हते तेवढी रडले, पदर तोंडात कोंबून, हसत हसत. बाहेरून सिस्टर आली. "काकी, काय झालं? काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत गं!" मी म्हटलं. "अगं, मला नको म्हणाले!"